धबधब्यात पडलेलं झाकण

सूड उगवायचा म्हणून मी सत्तावन्नाव्या वर्षी स्कूटी शिकले. कुणी विचारलं तर मी सांगते की भाजी आणायला बरी पडते, रिक्षावाल्यांच्या मिनतवाऱ्या नकोत. ते खोटं आहे. आम्ही राहतो पंचवटीत, भाजीबाजार दारातून चालत पाच मिनिटांवर. मला घोटीच्या पुढे डोंगरात जायचं होतं, एकटीने. संध्याकाळी परत येऊन आमच्या ह्यांच्यासमोर पाय पसरून बसायचं होतं आणि काय काय पाहिलं ते चवीचवीने सांगायचं होतं. त्यांनी माझ्याशी तीस वर्षं हेच केलं होतं.

हे अंबडला एका कारखान्यात होते. तिथे त्यांची आणखी तिघांशी गट्टी जमली आणि चौघांनी सहलींचा नेम धरला. महिन्या-दीड महिन्यातून एका सुट्टीला दोन मोटारसायकली काढायच्या, सकाळी निघायचं, दिवेलागणीला परत. कुठे जायचं ते ऋतू ठरवायचा. वैशाखात करवंदांचं रान, श्रावणात धबधबा, भाद्रपदात कारवीचा डोंगर, थंडीत कुठल्याशा बंधाऱ्यावर उतरणारे पक्षी, फाल्गुनात पळस. ठिकाणं सगळी आडबाजूची. "त्र्यंबकला काय, कुणीही जातं," हे म्हणायचे. "आमच्या जागा अख्ख्या नाशकात चार माणसांना ठाऊक आहेत." ती चार माणसं म्हणजे हेच चौघं.

आणि डबा माझा. चौघांचाही माझाच, कारण बाकी तिघांच्या बायकांना म्हणे जमत नसे. मला कसं जमतं हे कुणी विचारलं नाही. बाजरीच्या भाकऱ्या, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, फडक्यात बांधलेले कांदे. हे दाराशी उभे राहून घड्याळ बघायचे आणि मी परातीत भाकरी थापत असायची. मोटारसायकल गल्लीच्या तोंडाला वळली की मी मागे उरलेलं पीठ आवरायची.

पहिल्या श्रावणात मी विचारलं होतं. "मलाही न्या ना एकदा."

"अगं, तो रस्ता बायकांचा नाही."

दुसऱ्या वर्षी विचारलं तर म्हणाले, "पाय सटकला की थेट दरीत. उगाच नसती आफत." तिसऱ्या वर्षी मी पोटुशी होते, त्यामुळे विचारायचीही गरज नव्हती. त्यानंतर मी तोंड मिटलं. मी विसरले असं ह्यांना वाटलं असेल. मी डूख धरून होते.

पण हे सांगायचे मात्र असं की कान देऊन ऐकत राहावं. मी मोरीत तो डबा घासत असायची आणि हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सांगत असायचे. धबधब्याच्या अलीकडे एक वाकडा वड आहे, त्याची पारंबी धरून खाली उतरायचं. आधी आवाज येतो, मग गारवा येतो, पाणी सगळ्यात शेवटी दिसतं. कारवीचा डोंगर भाद्रपदात जांभळा होतो, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, आणि दरवर्षी होतो. मधमाश्यांचा असा गुंजारव की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मला ह्यांचा राग यायचा आणि आणखी ऐकावंसंही वाटायचं. दोन्ही एकदम वाटायचं, त्याला मी काय करू?

आता झाकणाचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलेलं आहे.

डबा माझ्या माहेरचा. मोठा, गोल, कडीचा, स्टीलचा. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ह्यांनीही ताटातल्या तांदळांत अंगठीने माझं नवं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून माझं जुनं नाव संपलं. नवं नाव रेशनकार्डावर गेलं. घरात मी 'अगं' झाले. पण आईने भांडी आधीच घेऊन ठेवली होती, तेव्हा नवं नाव ठरलेलं नव्हतं. म्हणून तिने डब्याच्या झाकणावर माझं जुनंच नाव घालून घेतलं आणि खाली बारीक अक्षरांत 'आईकडून'. सासरी आलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये ते नाव फक्त त्या झाकणावर होतं. घासताना मी त्यावरून अंगठा फिरवायची. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

एका श्रावणात हे उघडा डबा घेऊन घरी आले. कापडाचा तुकडा बांधलेला. "अगं, झाकण पाण्यात गेलं. खडकावर ठेवलं होतं, धबधब्याचा लोट आला आणि गेलं. बघता बघता गेलं बघ." मी तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी ह्यांनी बाजारातून दुसरं झाकण आणलं, जरा सैल, बिननावाचं. आई तेव्हा नुकतीच गेली होती.

पुढे मात्र माझी मी समजूत काढली. म्हटलं, मला नाही नेलं, पण माझं नाव तरी पोहोचलं. सह्याद्रीतल्या कुठल्या तरी डोहाच्या तळाशी माझं नाव पडलेलं आहे आणि दर पावसाळ्यात त्यावरून पाणी वाहतंय. मला ते बरं वाटायचं. बावीस वर्षं मी त्या डोहाला आपला समजत होते.

हे निवृत्त झाले, चौकडीतला एक वारला, एक मुलीकडे पुण्याला गेला, एकाला दिसेनासं झालं. ह्यांचे दोन्ही गुडघे बदलले. सहली थांबल्या आणि हे खुर्चीत बसले. तेव्हा मी ठरवलं की आता उट्टं काढायचं. प्रत्येक जागा, तिच्या तिच्या महिन्यात, मी बघून येणार आणि हे ऐकणार.

सुरुवात वैशाखातल्या करवंदांनी केली. गावाचं नाव ह्यांच्या बोलण्यात नेहमी यायचं, बाकी विचारत विचारत गेले. करवंदाच्या जाळीत हात घातला आणि कोपरापर्यंत ओरबाडून घेतलं. देठ तोडला की पांढरा चीक येतो, तो बोटांना चिकटतो, केसांना चिकटतो, दोन दिवस निघत नाही. घरी येऊन मी हात ह्यांच्या नाकासमोर धरले. "बघा, असं असतं." आणि बोलता बोलता मला आठवलं की हे दर उन्हाळ्यात पळसाच्या पानांचे द्रोण भरून करवंदं आणायचे, स्वतः तोडली म्हणायचे, आणि ह्यांच्या हातावर कधी एक ओरखडा नसायचा. माझी ट्यूब तिथेच पेटायला हवी होती. नाही पेटली. मला वाटलं, पुरुषांची कातडीच जाड.

श्रावणात धबधब्याला गेले. भीत भीतच गेले, कारण दरी, पारंबी, सटकणारा पाय हे सगळं डोक्यात पक्कं होतं. तर एसटीचा थांबा पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. थांब्यापासून चांगली रुळलेली पायवाट, तिच्यावरून दोन शाळकरी मुली छत्री फिरवत चालल्या होत्या. वरच्या बाजूला ओढ्यावर गावातल्या बायका कपडे धूत होत्या, त्यातल्या एकीच्या कडेवर मूल. रस्ता बायकांचा नाही म्हणे! तिथे मला बायकांशिवाय कुणी दिसलंच नाही. रागाने माझे कान तापले. मग मी पाण्याशी गेले आणि खुळ्यासारखी डोहात वाकून बघत बसले. बावीस वर्षांपूर्वीचं झाकण काय दिसणार. तरी बघत होते.

संध्याकाळी माझा सूड सुरू झाला. "ओढणी हुंगून बघा, अजून पाण्याचा वास येतोय," असं म्हणून मी बसले. ह्यांनी टीव्ही बंद केला आणि भराभर विचारायला लागले. पाणी एकाच धारेने पडतं की पायऱ्यांनी? खाली डोह आहे का? खडक काळा की तांबूस? मला वाटलं, पोटात दुखतंय, जळतायत. मी आणखी तिखटमीठ लावून सांगितलं.

"आणि तो वड नाही हो कुठे," मी म्हटलं.

"तोडला असेल," हे म्हणाले, आणि परत टीव्ही लावला.

भाद्रपदात कारवीला गेले. घोटीच्या पुढे भाताची खाचरं पोटरीला आलेली, त्यांच्यामागे तो डोंगर. सगळा हिरवा. जांभळं म्हणून काही नाही. मी स्कूटी लावून पायथ्यापर्यंत चालत गेले. कारवी होती, माणसापेक्षा उंच, दाट, रुंद खरबरीत पानांची. फूल एकही नाही. गवताचा भारा डोक्यावर घेऊन एक तिशीची बाई उतरत होती, तिला मी विचारलं की फुलं यायची आहेत की येऊन गेली.

तिने भारा दगडावर टेकवला. "फुलं? आवंदा कुठली फुलं मावशी?"

"दरवर्षी भाद्रपदात येतात ना?"

"दर सालाला?" ती हसायला लागली. "कुनी सांगितलं तुमाला? ह्या डोंगराची कारवी सात-आठ सालांनी एकदा फुलती. फुलली का मरती. मंग तिच्या काठ्या आमी कुडाला घेतो. मागं फुलली तवा माझी धाकली पोटात व्हती. ती आता पहिलीला हाय. अजून दोन सालं तरी नाय येत फूल."

"मधल्या वर्षांत अजिबातच नाही?"

"एकबी नाय. आमी हितंच ऱ्हातो ना."

तिने भारा उचलला आणि गेली. मी त्या हिरव्या डोंगराकडे बघत उभी राहिले. तीस भाद्रपद मी जांभळा डोंगर ऐकला होता. दरवर्षी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. मग मला वड आठवला, मग न ओरबाडलेले हात आठवले, आणि मग मी काही आठवायचं नाही असं ठरवून स्कूटी सुरू केली.

घोटी मागे टाकली तशी सर आली. महामार्गाला लागून एक जुना ढाबा होता, पत्र्याचा, पुढे चिंच. मी आत शिरून चहा सांगितला. गल्ल्यावर एक म्हातारा बसला होता, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्याने आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली. माझ्या नावाने. माहेरच्या नावाने, संपूर्ण, स्पष्ट. आणि म्हणाला, "इकडं पाठवा तिला, भज्यांत मीठ नाय."

आई गेल्यापासून त्या नावाने मला कुणी हाक मारली नव्हती. मी अर्धी उठलेच. तेवढ्यात आतून आचारी आला आणि त्याने गल्ल्यावर मिठाची बरणी ठेवली. चिनी मातीची बरणी, आणि तिच्यावर माझं झाकण.

मी जवळ गेले. झाकणाला पोचे आले होते, कडेला गंज धरायला लागला होता, पण अक्षरं जशीच्या तशी. खाली बारीक 'आईकडून'. मी अंगठा फिरवला.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"ते व्हय ताई? नाशिकचे चार कंपनीवाले यायचे, त्यातल्या एकाचं." म्हाताऱ्याला बोलायला कुणीतरी हवंच होतं. "लय वर्सं यायचे. सुट्टी असली का सकाळपासून पत्ते, रम्मी. ती चिंचेखालची बाज त्यांची. बियर आमची, डबा त्यांचा. पिठलं काय असायचं ताई, आमालाबी द्यायचे."

"आणि फिरायला जायचे ना डोंगरात? धबधब्याला?"

"कुटं? ह्या बाजंवरून कोन उठतंय! त्यांच्यातला एक व्हता, त्याच्या मामाचं गाव तिकडं. तो सांगत बसायचा लहानपनच्या गोष्टी, धबधबा न् कारवी न् काय काय. बाकीचे नुसते पत्ते पिसायचे. एक साहेब मातर त्याला सोडायचे नाय. मंग पुढं काय, झाड कुठलं, पानी कसं पडतं, सारखं इचारायचे. घरी जाऊन सांगायचंय म्हनायचे."

मी त्या साहेबांचं वर्णन विचारलं. उंच, डाव्या भुवईवर खूण. आमचे हे.

"आणि झाकण?"

"इसरून गेले एकदा. पुढल्या खेपंला मी काढून दिलं, तर म्हनाले ऱ्हाऊ दे इथंच, घरी पान्यात गेलं म्हनून सांगून बसलोय, आता कुठल्या तोंडानं नेऊ. मंग आमी मिठाला ठेवलं. साहेबच मीठ पायजे असलं का त्या नावानं हाक मारायचे. ये गं इकडं, असं. मंग आमालाबी तीच सवय लागली. आता मिठाला मीठ कोनी म्हनतच नाय हितं."

पाऊस थांबेपर्यंत मी तिथे बसले. चहा गार झाला. मला काय काय वाटलं ते सांगते, लाज कसली. पहिलं वाटलं की ही बरणी उचलून त्या चिंचेवर फोडावी. दुसरं वाटलं की मी तीस वर्षं एका बाजेचा हेवा केला. सुतळीच्या, ढेकणांनी भरलेल्या बाजेचा. आणि तिसरं, जे सगळ्यात झोंबलं: मला नेलं नाही ते रस्ता बायकांचा नव्हता म्हणून नव्हे. ह्यांना रस्ताच ठाऊक नव्हता. माझ्यासाठी गोष्टी आणायचे, पण त्याही करवंदांसारख्या, दुसऱ्याने तोडलेल्या. आणि घरात ज्या तोंडाला 'अगं'पलीकडे काही सुचलं नाही, ते तोंड महामार्गावर माझं नाव घेऊन मीठ मागत होतं.

झाकण माझं आहे असं मी म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने झाकणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते पुसून माझ्या हातात दिलं. बरणीवर त्याने बशी ठेवली.

घरी आल्यावर हे म्हणाले, "काय, फुलली होती का?"

"अख्खा डोंगर जांभळा," मी म्हटलं.

"सांगत नव्हतो?" हे म्हणाले.

त्यानंतरचे आठ दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. राग इतका गोड लागतो हे मला माहीत नव्हतं. पोळ्या लाटताना मी एकेक बेत करायची आणि मोडायची. मुलाला फोन करून सांगावं? तो हसेल आणि बाबांची बाजू घेईल. चारचौघांत सांगावं? लोक मलाच म्हणतील, एवढी वर्षं कळलं नाही तुला? झाकण ताटात वाढून समोर ठेवावं? ते एका क्षणात संपलं असतं, आणि मला एवढ्या स्वस्तात सोडायचं नव्हतं. तीस वर्षांचं काम एका क्षणात कसं उरकणार?

नवव्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं आणि म्हटलं, "चला. तुमच्या धबधब्याला जायचंय."

हे दचकले. "मी? अगं, गुडघे."

"डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय. आणि मागे बसायला गुडघे लागत नाहीत."

"आता काय बघायचं तिथे? शंभरदा बघितलाय."

"म्हणूनच. मला एकटीला नीट कळलं नाही. तुम्ही दाखवा."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. हे दोनदा कपडे बदलून आले, एकदा छत्री विसरली म्हणाले, एकदा गोळी. मी दाराशी उभी राहून घड्याळ बघत होते. शेवटी काठी घेऊन मागे बसले. डबा पिशवीत, पिशवी ह्यांच्या मांडीवर. आत काय आहे ते मी बघू दिलं नाही.

घोटी सोडल्यावर पहिला फाटा आला, तिथे मी गाडी थांबवली.

"डावीकडे की उजवीकडे?"

"अगं, आता सगळं बदललंय. तेव्हा हे रस्ते असे नव्हते."

"डोंगर तर तेच आहेत. सांगा."

हे बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिले. मग काठीने उजवीकडे दाखवलं. मला माहीत होतं डावीकडे. मी उजवीकडे वळले. दोन-अडीच किलोमीटर खड्ड्यांतून गेल्यावर रस्ता एका कोंबड्यांच्या शेडच्या फाटकाशी संपला. आतला राखणदार बाहेर आला आणि आमच्याकडे बघत राहिला. वास असा की नाक दाबावं. मी इंजिन बंद केलं आणि जरा बसून राहिले, घाई नसल्यासारखी.

"इथून खाली उतरायचं का? वडापाशी?" मी विचारलं.

"चुकलं वाटतं," मागून आवाज आला.

पुढच्या फाट्यावर पुन्हा थांबवलं, पुन्हा विचारलं. ह्या वेळी नशिबाने बरोबर सांगितलं आणि लगेच ह्यांच्या आवाजात जीव आला. "बघ, आठवलं की नाही!" तिसऱ्या फाट्यावर परत चुकले. तिथे मात्र मी चुकीच्या वाटेने गेले नाही. पिठलं गार होत होतं, आणि मलाही पाणी बघायचं होतं.

एसटीच्या थांब्यावर गाडी लावली. पायवाटेने हे काठी टेकत माझ्यामागून आले. दरी नव्हती, पारंबी नव्हती. ह्यांनी वडाबद्दल काही काढलं नाही, मीही नाही. ओढ्यावर बायका कपडे आपटत होत्या. आधी आवाज आला. मग गारवा आला. मग वळणावर पाणी दिसलं.

मी पाण्याकडे बघत नव्हते. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते, त्यासाठीच आणलं होतं. शंभरदा पाहिलेली गोष्ट माणूस कशी बघतो? बघून न बघितल्यासारखी. ह्यांना आता तसंच बघावं लागणार होतं. अचंबा वाटला तरी गिळावा लागणार होता. हीच ह्यांना माझी शिक्षा, आठ दिवस घासूनपुसून तयार केलेली.

हे उभे राहिले. काठीवरचा हात ढिला पडला. तोंड उघडं राहिलं, चष्म्यावर तुषार साचले, पण पुसायचं भान नाही. असे किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. मग माझ्याशी नव्हे, कुणाशीच नव्हे, असं बोलले, "एवढा असेल असं वाटलं नव्हतं."

बोलून गेल्यावर कळलं असावं. माझ्याकडे बघायचं टाळत हे एका खडकावर जाऊन बसले.

मी पिशवीतून डबा काढला आणि मधे ठेवला. कडी वर केली. झाकण मी आदल्या दिवशी चिंच लावून घासलं होतं, अक्षरं लखलखत होती. ह्यांनी ते पाहिलं. हात पुढे केला आणि मधेच थांबवला. मग अंगठ्याने नावावरून एकदा पुसलं. खरं म्हणजे पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"ढाब्यावर गेली होतीस," हे म्हणाले.

"जेवा."

मी भाकरीवर पिठलं वाढलं. ह्यांनी घास घेतला, चावला आणि माझ्याकडे पाहिलं. पिठल्यात मी मीठच घातलं नव्हतं. ठेच्यातही नाही, चटणीतही नाही.

"मीठ पिशवीत आहे," मी म्हटलं. "कसं मागायचं ते तुम्हाला ठाऊक आहे."

ह्यांनी दुसरा घास अळणीच खाल्ला, तिसराही. मी वाट बघितली. मला सवय होती वाट बघायची. शेवटी ह्यांनी खाली मान घालून, ओठांतल्या ओठांत माझं नाव घेतलं.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं. आलं होतं. "पाण्याचा फार आवाज आहे."

ह्यांनी मान वर केली आणि मोठ्याने हाक मारली. वरच्या बायकांचे हात थांबले, एकीने वाकून बघितलं. म्हातारा बायकोला तिच्या नावाने ओरडून हाक मारतोय, आणि बायको तर समोरच बसलेली.

मी मिठाची पुडी सोडून ह्यांच्या भाकरीवर चिमूट घातली. मग माझ्या भाकरीवर. आम्ही जेवलो. पाणी पडत होतं. ह्यांनी माफी मागितली नाही, मी ती मागायची वाट पाहिली नाही. चार घास पोटात गेल्यावर ह्यांची भीड जरा चेपली असावी. समोरच्या हिरव्या डोंगराकडे बघत, लहान मुलाने खाऊ मागावा तसं विचारलं, "आणि ती कारवी? ती नक्की कधी फुलते गं?"

अडुसष्ट वर्षांचे आहेत. गुडघे बदललेले. कारवीला अजून दोन वर्षं म्हटलं तर दोन वर्षं. खरं ते मला ठाऊक होतं, आणि ह्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की मी जवळजवळ सांगून टाकणार होते.

"दरवर्षी," मी म्हटलं, आणि डब्याला झाकण लावलं.